समीक्षाची भरलेली बाटली

मंगळवार, संध्याकाळ. बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, माफ करा. शाळेतून आले की काही करण्याचं त्राण राहत नाही.

आज शाळा सुटताना माझ्या पहिलीच्या वर्गातल्या समीक्षाची आई थांबली. "बाई, पोरगी शाळेत पाणीच पीना झाली. बाटली भरलेलीच घरी येती. लघवीला आग होऊ लागली म्हणून काल चाकूरला दवाखान्यात नेलं."

मी समीक्षाला जवळ घेऊन विचारलं.

"पाणी पिलं की जावं लागतंय," ती खाली बघत म्हणाली. "आन् पाणी टाकल्याबिगर बाहेर यायचं न्हाई म्हणून तुमीच सांगितलंय. बादली लई जड हाय."

आई हसली. "घरी आमचं एक ऐकत न्हाई, तुमचं मात्र समदं ऐकती."

मला हसता आलं नाही. शिक्षकांचं बाथरूम वेगळं आहे, त्यामुळे मुलींच्या संडासात मी कधी आत गेलेच नव्हते. आज गेले. काठोकाठ भरलेली मोठी बादली होती, मग्गा नव्हता.

तुमच्या लेकरांच्या बाटल्या रिकाम्या होऊन येतात का? आज बघाल?

उद्या: शाळेत जाताना दोन लहान मग्गे घेणे.