उजवीकडे वळलेली चाके

मी शर्यतीची गाडी कधीही चालवलेली नाही. टोकियोतल्या निशी-कसाई भागातल्या आपल्या मराठी मंडळाने यंदाच्या स्मरणिकेत माझ्यावर जे अर्धे पान छापले आहे, त्यात मला 'जपानच्या मातीत शर्यतीची गाडी पळवणारा पहिला मराठी माणूस' म्हटले आहे. हे खोटे आहे. त्याच पानावर पुढे असेही आहे की, माझ्या हातच्या एका सदोष भागामुळे एका चालकाचा जीव गेला, पण जपानी मित्रांनी मोठ्या मनाने मला क्षमा केली. हे त्याहून मोठे खोटे आहे. लेख लिहिणारा तरुण सॉफ्टवेअर अभियंता मला भेटायला कावासाकीपर्यंत आलाच नव्हता. एका प्रदर्शनाचे माहितीपत्रक त्याने मोबाइलवर भाषांतरित करून घेतले आणि त्यावर आपुलकीचा मुलामा चढवला. मी फोन केला तेव्हा म्हणाला, "काका, लोकांना खूप इमोशनल वाटलं ते. इतकं कशाला मनावर घेता?" मी विचारले, "तुझ्या कोडमुळे माणूस मेला असं मी छापलं, तर तू किती मनावर घेशील?" त्यावर त्याला एकदम मीटिंग आठवली.

म्हणून हकीकत मीच लिहितो.

ज्या गाड्यांविषयी हे सारे आहे त्यांना मिजेट म्हणत. माणसाच्या कमरेइतकी उंची, एकच जागा, वर छप्पर नाही, पुढे इंजिन. तिला स्टार्टर नसे. मागून ट्रकने ढकलत नेऊन ती सुरू करायची. अमेरिकन लष्करी तळावरची मंडळी मायदेशी परतताना अशा काही गाड्या मागे टाकून गेली. इथल्या हौशी लोकांनी त्या घेतल्या, एक क्लब काढला आणि नदीकाठच्या चिकणमातीच्या लंबगोल ट्रॅकवर त्या रविवारी पळवू लागले. मी त्या काळी धातुशास्त्रात डॉक्टरेट करून कावासाकी शहरातल्या एका फोर्जिंगच्या, म्हणजे तापवलेले पोलाद ठोकून घडवण्याच्या, कारखान्यात लागलो होतो. तुटलेले भाग अमेरिकेहून मागवणे कुणाला परवडत नसे, म्हणून ते मी घडवून देई. क्लबात माझे नाव कुणी विचारले नाही. मी 'इंदो-सान' होतो, म्हणजे 'इंडियावाले'. मला त्याचे काही वाटत नसे, कारण ट्रॅकवरची प्रत्येक गाडी माझ्या पोलादावर धावत होती आणि हे प्रत्येक चालकाला ठाऊक होते.

आता एक गोष्ट वाचकाने नीट समजून घ्यावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. लंबगोल ट्रॅकवर गाडी फक्त डावीकडे वळते. डांबरी रस्त्यावर डावीकडे जायचे तर चाके डावीकडे वळवतात. मातीवर तसे चालत नाही. वेगात वळण घेताना गाडीचा मागचा भाग बाहेर, उजवीकडे, घसरतो आणि ती घसरण सावरण्यासाठी चालक पुढची चाके उजवीकडे धरतो. वळण डावे, चाके उजवी. पाहणाऱ्याला वाटते की गाडीचे काहीतरी बिघडले आहे. प्रत्यक्षात त्या क्षणी गाडी पूर्णपणे चालकाच्या हातात असते. चाके तशी नसतील तर ती भोवऱ्यासारखी फिरेल.

जो चालक गेला तो क्लबातला दुसऱ्या क्रमांकाचा चालक होता. पहिला तो, जो आज क्लबाचा अध्यक्ष आहे आणि ज्याला सगळे 'काइचो' म्हणतात. त्या रविवारी ट्रॅकची आतली कड पावसाने खचून खड्डे पडले होते. तिकडे कुणी जायचे नाही असे शर्यतीआधी सर्वांनी मिळून ठरवले होते. शेवटच्या टप्प्यात काइचोची गाडी पुढे, याची मागे. याने वळण उत्तम घेतले आणि मग पुढची गाडी ओलांडण्यासाठी तो आत शिरला. डावे चाक खड्ड्यात गेले, गाडी उलटत जाऊन लाकडी कुंपणावर आदळली. स्टिअरिंग आर्म, म्हणजे चालकाने चक्र फिरवले की ती हालचाल पुढच्या चाकांपर्यंत पोहोचवणारा पोलादी दांडा, तिथे, त्या कुंपणावर, दोन तुकडे झाला. संध्याकाळी मोडलेल्या गाडीभोवती उभे असताना कुणीतरी म्हणाले, "स्टिअरिंग तुटलं." कधी तुटले, आदळण्याआधी की आदळल्यावर, हे एकानेही विचारले नाही. आर्म मी घडवला होता, तेवढे पुरेसे होते.

मी तो तुटलेला आर्म प्रयोगशाळेत नेण्यासाठी मागितला. धातू कसा तुटला ते त्याच्या तुटलेल्या तोंडावर वाचता येते: थकून हळूहळू तुटला असेल तर वाळूवर लाटांनी उमटवाव्यात तशा रेषा दिसतात, एका घावात तुटला असेल तर तोंड करडे आणि रवाळ असते. मला तो मिळाला नाही. चालकाच्या पत्नीने, क्लबात सगळे त्यांना 'ओकुसान' म्हणजे वहिनी म्हणत, तो घरी नेऊन देवघरात पतीच्या तसबिरीपाशी ठेवला होता. वर्षश्राद्धाला मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा तो पहिल्यांदा नजरेस पडला. तो आरशासारखा चमकत होता. गेलेल्या माणसाची वस्तू मळकी ठेवायची नाही म्हणून त्यांनी तो पॉलिशची पेस्ट लावून मऊ फडक्याने घासला होता, तुटलेले तोंडसुद्धा. त्यात मला माझा चेहरा दिसला. बाकी काहीही दिसले नाही.

कारखान्यात ही बातमी पोहोचायला वेळ लागला नाही. एका सोमवारी माझे हातमोजे भट्टीजवळच्या खुंटीवरून काढून माझ्या नव्या टेबलावर ठेवलेले होते, आणि ते टेबल कोटेशने तयार करण्याच्या विभागात होते. निवृत्तीपर्यंत मी तिथे बसलो. त्यानंतर मी पोलादाचा एकही तुकडा घडवलेला नाही. मंडळाच्या स्मरणिकेला जी क्षमा वाटते ती ही.

गेल्या शरदात क्लबाने नदीजवळच्या नागरी सभागृहात जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरवले. चामड्याची हेल्मेटे, गॉगल, चषक आणि अशी झळाळती दुरुस्त केलेली गाडी की तिला मातीचा कधी स्पर्शही झाला नसावा. भिंतीवर मोठी करून लावलेली छायाचित्रे होती. मधोमध त्या चालकाचे, अपघातापूर्वीच्या क्षणाचे, आणि त्याखाली कार्ड: 'वळण डावीकडे, चाके उजवीकडे. सदोष आर्म तुटल्याचा क्षण.' काचेच्या पेटीत, त्या देवघरातून मागून आणलेले आर्मचे दोन्ही तुकडे मखमलीवर मांडलेले. माहितीपत्रकातही हेच होते आणि आपल्या तरुण लेखकाने ते तिथूनच उचलले.

मी काइचोला बाहीला धरून त्या भिंतीपाशी आणले.

"हे कार्ड कुणी लिहिलं?"

"आमच्या तरुण मंडळींनी. छान लिहिलंय, नाही?"

"त्यांनी डांबराशिवाय काही पाहिलेलं नाही. तुम्ही जन्मभर मातीत वळणं घेतलीत. शेजारच्या फोटोत तुम्ही आहात. चाकं कुठे आहेत?"

काइचोने चष्मा वर केला, नको तितका वेळ पाहिले. "उजवीकडे."

"मग तुमचंही स्टिअरिंग तुटलं होतं?"

"इंदो-सान, आवाज." तो वाकून कुजबुजला. "आज ओकुसान येणार आहेत. त्या आहेत तोवर राहू द्या."

"आणि मी आहे तोवर?"

"तुम्ही काय, तुम्ही पोलादाचे आहात."

"म्हणूनच मी तुटलो असं लिहिलंत?"

तो हसला. त्याच्या त्या हसण्यात मला समजले की त्याला सगळे आधीपासून माहीत होते. त्या भिंतीवरच्या प्रत्येक छायाचित्रात चाके उजवीकडे होती, आणि त्यातले बहुतेक चालक म्हातारे होऊन आपापल्या अंथरुणात मेले होते.

ओकुसान दुपारी आल्या. पाठ पार वाकलेली, हातात काठी, अंगावर राखाडी किमोनो. लोकांनी वाट करून दिली. मी पुढे झालो, रीतसर वाकून नमस्कार केला आणि त्यांना भिंतीपाशी नेले. काइचो मागून येत राहिला, "नंतर, नंतर" म्हणत.

"ओकुसान, हे बघा. हा माणूस घरी गेला. हाही गेला. हाही. सगळ्यांची चाकं उजवीकडे आहेत."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

मी फोटोवरचे बोट खाली घेतले.

"लग्नाआधीच शिकवलं होतं त्यांनी मला. नूडल्सच्या दुकानात, टेबलावर चॉपस्टिक्स ठेवून. ही गाडी, ही चाकं. चाकं उलटी म्हणजे नवरा जिवंत, असं म्हणायचे."

"मग इतकी वर्षं तुम्ही..."

"त्या दिवशी सकाळी मी त्यांना म्हटलं होतं, आजही ह्यांच्या मागेच येणार असाल तर घरी येऊ नका." त्यांनी हनुवटीने काइचोकडे दाखवले. "नेहमी दुसरे. शेजारणी विचारायच्या तेव्हा मला लाज वाटायची. म्हणून ते आत शिरले. तुमचा आर्म तुटला असं म्हटलं की मला झोप यायची."

"आणि माझं काय झालं ते?"

"तुमचं काय व्हायचं होतं?" हे त्यांनी अगदी साधेपणाने विचारले, खरोखर कुतूहल असावे तसे. "तुम्हाला इथे कोण ओळखत होतं? मला वाटलं, वर्षभरात तुम्ही आपल्या देशी परत जाल. परदेशी माणूस गेला की दोषही त्याच्याबरोबर जातो."

"मी गेलो नाही."

"हो. फार टिकलात."

त्या दुपारी क्रूर कोण वागले, मी की त्या, याची चर्चा आता क्लबात चालते असे मी ऐकतो. चर्चा करणाऱ्यांनी हे संभाषण ऐकलेले नाही. काइचोने ऐकले आहे आणि तो गप्प आहे. तेव्हा तिथे स्वागताच्या टेबलावर कोरी कार्डे आणि ब्रशपेन होते. मी ते आणून काइचोच्या हातात दिले. अक्षर त्याचे चांगले आहे, आणि ते त्याच्याच हातून लिहिले जावे अशी माझी इच्छा होती. त्याने ओकुसानकडे पाहिले. मग मी सांगत गेलो आणि तो लिहीत गेला.

कार्ड लिहून झाल्यावर ओकुसान म्हणाल्या, "माझे डोळे गेलेत. तुम्हीच वाचून दाखवा."

मी मोठ्याने वाचले: "वळणावर गाडी पूर्णपणे चालकाच्या ताब्यात आहे. पुढच्या क्षणी त्याने ठरलेला नियम मोडला आणि तो आतल्या खड्ड्यांत शिरला." इथे त्यांनी हात वर केला. मी वाचत राहिलो. "आर्म निर्दोष होता. तो कुंपणावर आदळून तुटला." आणि त्याखाली आर्म घडवणाऱ्याचे, म्हणजे माझे, संपूर्ण नाव.

"रोज सकाळी मी त्यांच्यापुढे बसते," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या लोखंडाला दोष देते, मग चहा ठेवते. उद्या मी काय बोलू?"

"खरं बोला," मी म्हणालो.

पाठीला झेपेल तितके वाकून त्यांनी मला नमस्कार केला आणि काइचोला टॅक्सी बोलवायला सांगितली. तो त्यांना दारापर्यंत सोडायला गेला. परत आला तेव्हा माझ्याकडे न पाहता गाडीच्या पलीकडून निघून गेला. मी स्वतः जुने कार्ड काढून त्या जागी चार पिना लावून नवे कार्ड बसवले. मग पाहुण्यांसाठी ठेवलेली एक घडीची खुर्ची भिंतीजवळ ओढली आणि सभागृह बंद होईपर्यंत तिथे बसलो, कुणी ते काढू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी मी बाहेर उभा होतो.