साहेबांनी वाढवून दिलेला हुद्दा

मी मुळातच घाबरट. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या जिन्यावरून परत येणारी. त्यात कॅनडाला कायमचं राहायला जाण्याचा अर्ज म्हणजे कहरच. त्यासाठी जुन्या नोकरीचं अनुभवपत्र हवं होतं आणि नाशिकच्या अंबडमधला आमचा कारखाना तर कधीच बंद पडलेला. अर्जाचं काम बघणारा एजंट म्हणाला, त्या वेळच्या साहेबांकडून पत्र घ्या, नोटरी करा, चालेल.

साहेब निवृत्त होऊन कळवणला शेती बघतात. एका फोनवर तयार झाले. पत्र तिकडेच टाइप करून, इस्त्रीचा शर्ट घालून एसटीने नाशिकला सीबीएस स्टँडवर उतरले. कोर्टासमोर बसणाऱ्या नोटरी वकिलांनी त्यांचं आधार कार्ड पाहिलं, समोर सही घेतली, नोटरीचं तिकीट चिकटवलं आणि लाल गोल शिक्का मारला. साहेबांनी कागद पाकिटात घालून माझ्या हातात दिला. "जा पोरी, झालं तुझं काम." मोठ्या माणसाने दिलेलं पाकीट त्याच्यासमोर उघडून वाचायचं नाही, हे आमच्या घरचं वळण. मी वाकून नमस्कार केला, चहा पाजला आणि त्यांना बसमध्ये बसवून दिलं.

गंगापूर रोडला घरी येऊन वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी होते क्वालिटी इन्स्पेक्टर. तयार माल मोजूनमापून तपासायचा, एवढंच माझं काम. साहेबांनी मला विभागप्रमुख करून टाकलं होतं. वर हाताखाली माणसंही दिली होती! कारखाना चालू असताना पगारवाढ मागितली तर हेच साहेब छताकडे बघायचे.

नवरा म्हणाला, "चांगलंच आहे की." एजंट त्याच्याहून शहाणा. "मग फॉर्ममध्येही तेच टाकू." पण माझ्या पगाराच्या पावत्यांवर खरा हुद्दा होता. माहिती खोटी निघाली तर अर्ज जातोच, शिवाय पुढची पाच वर्षं दार बंद होतं, हे मी वाचलेलं. आणि आता त्या खोट्यावर शिक्काही बसलेला. त्याहून मोठी भीती वेगळीच होती. म्हाताऱ्या माणसाने मायेने दिलेलं परत कोणत्या तोंडाने करायचं?

दुसऱ्या दिवशी कळवण गाठलं. साहेब ओट्यावर बसले होते.

"साहेब, यात माझा हुद्दा जरा जास्त झालाय."

ते हसले. "अगं, लिहिताना कशाला हात आखडता घ्यायचा? आपल्या माणसाचं भलं होतंय ना!"

"तिकडे ते खोटं धरतात, साहेब."

"एवढ्याशाला?"

"हो. नंतर कळलं तरी. माणूस तिथे जाऊन स्थायिक झालेला असला तरी परत पाठवू शकतात."

साहेबांचं हसू मावळलं. आत काकू व्हिडिओ कॉलवर नातीला चिऊकाऊची गोष्ट सांगत होत्या. साहेबांचा मुलगा कॅनडात आहे. तोही आमच्याच कारखान्यात, स्टोअरमध्ये होता.

"त्याचं पत्र पण मीच दिलं होतं," साहेब अगदी हळू म्हणाले. "त्याला तर मी मॅनेजर केलाय." मग दाराकडे बघून, "हिला काही बोलू नको."

मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगते, नवं पत्र लिहून द्यायचं कबूल होईपर्यंत मी तिथून हलले नाही.

ते पुन्हा नाशिकला आले, पुन्हा नोटरी झाली. या वेळी त्यांनी सही करण्याआधी ओळ न् ओळ मला वाचून दाखवली. चहाला थांबले नाहीत.

आता अर्ज गेलाय. सगळं खरं लिहिलंय, तरी झोप नाही. तिकडचे अधिकारी पत्र देणाऱ्याला फोन करून खात्री करतात म्हणे. साहेबांनी तो उचलला नाही तर माझ्या खऱ्या पत्रावरही संशय येणार. म्हणून आठवण करून द्यायला परवा मी त्यांना फोन लावला. काकूंनी घेतला.

"तुझं नाव दिसलं म्हणून मी घेतला गं. हे तर अनोळखी नंबर उचलतच नाहीत हल्ली. परदेशातला दिसला की फोन खाटेवर टाकतात आणि मळ्यात निघून जातात. काय झालंय, कोण जाणे."