सावडीला आलेला परका

फुकटात काम करणाऱ्या माणसाचा मला आधी संशय येतो, मग राग येतो आणि शेवटी काहीच कळेनासं होतं. मागे एका वर्षी लावणीच्या दिवसांत माझं असंच झालं.

मी वेबसाइट बनवते. खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावात, घराच्या ओटीवर टेबल टाकून. गिऱ्हाइकं सगळी आसपासची, कळंबकडची रिसॉर्टं आणि माथेरानमधली दोन-तीन हॉटेलं. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले होते तेव्हा कळंबच्या एका रिसॉर्टसाठी मी पीएचपी या संगणकाच्या भाषेत एक छोटं कॅलेंडर लिहिलं. कुठल्या तारखेला खोली रिकामी आहे, एवढंच ते दाखवतं. पीएचपीवाल्यांमध्ये आपलं काम इंटरनेटवर उघडं ठेवायची रीत आहे. कोणीही घ्यावं, वापरावं, सुधारावं. मीही उत्साहात ते ठेवून दिलं. पुढे कुठकुठल्या देशांतले लोक ते वापरायला लागले. खरं सांगायचं तर माझ्या नावावर जगात एवढंच काय ते होतं.

पीएचपी मेली, असं दरवर्षी कोणीतरी जाहीर करतं. मेलेली ती दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाला नवी आवृत्ती घेऊन उठते आणि आपल्या जुन्या सवयी मोडीत काढते. काय मोडायचं यावर त्या मंडळींत आधी लांबलचक चर्चा होतात, मग मतदान होतं. मी त्या चर्चा वाचायला बसते आणि निम्म्यावर हरवते, कारण मला दोन्ही बाजूंचं पटतं. पूर्वी आधी न सांगता ऐन वेळी एखादं नवं नाव जोडलं तरी ही भाषा चालवून घ्यायची. आता सगळी नावं आधीच जाहीर करा, असं ठरलं. माझ्या कॅलेंडरात तर ऐन वेळच्या नावांचा नुसता सुळसुळाट होता.

एके दिवशी सर्व्हरवाल्या कंपनीने नवी आवृत्ती चढवली आणि कळंबच्या मॅनेजरचा फोन आला.

"मॅडम, साईटच्या डोक्यावर कायतरी इंग्रजी आलंय. पाव्हणे इचारतात, रिसॉर्ट बंद झालं का?"

"बंद कशाला होईल? तो नुसता इशारा आहे. सगळं चालतंय."

"चालतंय तर मग इशारा कशाला?"

बघते म्हणून मी फोन ठेवला. इशारे तात्पुरते झाकले आणि दुरुस्तीसाठी कॅलेंडरचं पान उघडलं, तर तिथे दुरुस्ती आधीच येऊन बसलेली. पाठवणारा कोणी परदेशातला अनोळखी माणूस. त्याने दोनच ओळी लिहिल्या होत्या: तुमचं कॅलेंडर मी वापरतो. इशारे काढले आहेत, बघून घ्या.

अशा दुरुस्तीबरोबर एक बटण येतं. ते दाबलं की समोरच्याचं काम आपल्या कामात सामील होतं. मी दाबलं नाही. आधी गोड बोलून मदत करायची आणि विश्वास बसला की काहीतरी विषारी घुसवायचं, असे प्रकार मी वाचले होते. म्हणून मी त्याची दुरुस्ती एका बाजूला उघडली, प्रत्येक ओळ समजून घेत स्वतःच्या हाताने टाइप केली, तपासली आणि माझ्याकडून चढवली. त्याला 'आभारी आहे' असं लिहून त्याची दुरुस्ती बटण न दाबताच बंद केली. आपण फार शहाणपणा केला, असं मला वाटलं.

पुढच्या आठवड्यात त्याची दुसरी दुरुस्ती आली. मग तिसरी. कोणाकोणाच्या तक्रारींना तो परस्पर उत्तरंही द्यायला लागला. मी आपली टाइप करतेय. फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण मला ते पचेना. पैसे देऊ का, असं विचारलं तर 'नको' एवढंच म्हणाला. रागावला की काय, तेही कळेना.

शेवटी आईला सांगितलं. ती नुकतीच शेजारच्या भातखाचरातून लावणी करून आली होती.

"यात काय गोंधळ हाय? सावडीला आलाय तो," ती म्हणाली. "त्यानं तुझी लावणी केली, आता तू त्याच्या शेतावर जा."

"त्याचं शेत कुठंय, कुणाला ठाऊक?"

"मग इचार की गं! सावड ठेवून घ्यायची नस्ती."

आज तुम्ही आमच्या शेतात, उद्या आम्ही तुमच्या, अशी ही सावड. आई तिच्याबाबतीत भलतीच कडक आहे. वडिलांनी कारखान्यातल्या नोकरीवर जमिनीचा तुकडा घेतला तोपर्यंत आमच्या बुद्धवाडीतल्या इतर बायकांसारखी तीही लोकांच्या लावणीला मजुरीवर जायची. दुपारी सावडीच्या बायका एकत्र जेवायला बसत आणि मजुरीच्या बायका बांधाच्या दुसऱ्या टोकाला. शेत झालं तेव्हा कुठे तिला कोणी सावडीला बोलावलं. पहिल्या वर्षी बायका आमच्या खाचरात उतरल्या तेव्हा काय रांधलं होतं, हे ती अजून दर लावणीला सांगते.

मी त्या माणसाला लिहिलं: तुमचं स्वतःचं काम कुठलं? मला तिथे मदत करायची आहे.

त्याचं उत्तर आलं: माझं असं काहीच नाही. खाली आणखी एक ओळ होती. तुमची हरकत नसेल तर मला कॅलेंडरवर थेट काम करायची परवानगी द्याल का?

तेव्हा मात्र माझं डोकं सटकलं. थेट काम करायची परवानगी म्हणजे घराची किल्लीच. भटाला दिली ओसरी, म्हटलं, आणि आता हा पाय पसरतोय. इतक्या वर्षांत माझं म्हणावं असं एकच काम, तेही याला हवंय. मी तडकून लिहिलं: हे मी एकटीने सांभाळलं आहे. परवानगी कशासाठी हवी, ते स्पष्ट सांगा.

उत्तर दोन दिवसांनी आलं. लांबलचक होतं आणि इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं. त्याची नोकरी गेली होती. जिथे अर्ज करावा तिथे विचारत, केलेलं काम दाखवा. तो आमचं कॅलेंडर दाखवायचा. ते बघून म्हणत, इथे तुमचं नाव कुठेच नाही. तुमच्याकडे अशीच पद्धत असेल म्हणून मी बोललो नाही, असं त्याने लिहिलं होतं. झालं ते राहू द्या. परवानगी मिळाली तर निदान यापुढचं काम माझ्या नावाने दिसेल.

कोणी कुठली ओळ कधी बदलली याची नोंद तिथे आपोआप होत असते. मी ती कधी उघडून बघितली नव्हती. आता उघडली. आषाढापासून श्रावणापर्यंत प्रत्येक दुरुस्तीपुढे माझं नाव. सगळं मीच टाइप केलेलं, मग दुसऱ्या कोणाचं दिसणार? याला चोर समजून मी दार लावून बसले होते आणि माल माझ्या घरात निघाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई तांदूळ निवडत होती. तिला सगळं सांगितलं.

"म्हंजे काम त्याचं आन् नाव तुझं?"

"मुद्दाम नाही केलं गं."

"मुद्दाम कोन करतं?" ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी माझे सगळे बदल मागे घेतले. त्याच्या बंद केलेल्या दुरुस्त्या एकेक करून उघडल्या आणि प्रत्येकीचं बटण दाबलं.  सगळ्या ओळींपुढे त्याचं नाव आलं, तसं मी त्याला परवानगी दिली, माफी मागितली आणि लिहिलं, अर्ज कराल तिथे चौकशीसाठी माझा पत्ता द्या. हा माणूस नक्की कोण, हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. किल्ली देऊन शहाणपणा केला की वेडेपणा, ते आजही छातीठोक सांगता येणार नाही.

दसऱ्याच्या सुमाराला एका परक्या कंपनीचं पत्र आलं. त्याला नोकरीवर घ्यायचा त्यांचा विचार होता, पण एक शंका होती. हेच बदल आधी तुमच्या नावावर दिसतात, मग मागे घेतलेले दिसतात आणि नंतर यांच्या नावावर येतात. मूळ काम कोणाचं आहे?

मी निस्तरलेलंच आता त्याच्या आड येत होतं. तांत्रिक अडचण होती, असं लिहून मोकळं होता आलं असतं. तसं लिहिलंही. वाचलं आणि पुसलं, कारण त्यात दोष कोणाचाच नव्हता आणि शंका त्याच्यावरच राहत होती. दुपारभर चार ओळी लिहीत बसले. मग लिहिलं: काम पहिल्या ओळीपासून त्यांचं आहे. मी ते माझ्या नावावर चढवलं होतं. त्यांनी तक्रार केली नाही. चूक माझी आहे. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं.

पाठवण्याआधी आईला मराठीत वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

"धाड आता," ती म्हणाली.