निळी पावलं

माझी पोरगी उंदरांच्या मुता-लेंड्यांतून माणसात शिरणाऱ्या हंता विषाणूचा अभ्यास करते. सोयाबीन काढायच्या आधी तिनं घरामागच्या वावरात बिळांच्या तोंडाशी निळी रांगोळी पसरली. मी भडकलो. "रानातला उंदीर रानातच राहतो. घरात कशाला येईल?"

सोयाबीन निघालं, वावर मोकळं झालं आणि आमच्या कोठीत पोत्यांवर निळी पावलं उमटली.

"बाबा, रानातलं खाणं संपलं की ते आजार घेऊन इकडंच येतात."

धूळ नाकात जाऊ नये म्हणून तिनं झाडू लावू दिला न्हाई. जंतू मारायचं औषध फवारून सगळं ओल्या फडक्यानं पुसलं. कोठीच्या दाराच्या चौकटीवरचं एक पाऊल मात्र मी पुसू दिलं न्हाई.

जाफराबादचे पाहुणे म्हणतात, "हे तर उंदराचं पाऊल!"

"न्हाई," मी म्हणतो, "माझ्या पोरीचं काम हाय."