पट्टीसरांचा अनुभव

शिक्षक घडवणाऱ्या त्या कॉलेजात दिव्यांग मुलांना कसं शिकवायचं, हा विषय सरांकडे होता. पोरं त्यांना पट्टीसर म्हणायची, कारण अर्धं आयुष्य त्यांनी भावी शिक्षकांच्या डोळ्यांवर काळ्या पट्ट्या बांधण्यातच घालवलं होतं. पट्टी बांधून व्हरांड्यात फेरी मारायची, परत यायचं आणि न दिसण्याचा अनुभव लिहून द्यायचा. जो जास्त धडपडेल त्याला जास्त मार्क. एका पठ्ठ्याने तर खांबावर मुद्दाम डोकं आपटून वर्गात पहिला नंबर काढला होता. पुढे शाळेत तशी मुलं भेटली तर त्यांना शिकवायचं कसं, हे मात्र कोणी विचारलं नाही आणि सरांनीही सांगितलं नाही.

दर रविवारी पट्ट्या धुणारी बायको म्हणायची, "जगाचे डोळे बांधून पगार घेणारा नवरा माझ्याच नशिबी." सर हसण्यावारी न्यायचे.

यंदा वर्गात जन्मापासून न दिसणारी मुलगी आली आणि सरांची पाचावर धारण बसली. इतकी वर्षं विषय शिकवला, पण त्या विषयातलं माणूस समोर पहिल्यांदाच उभं! काय करावं सुचेना, म्हणून नियमाला धरून बसले. नियम सगळ्यांना सारखा, असं म्हणत तिलाही पट्टी बांधली. वर, दिसत तर नाही ना, अशी खात्रीही करून घेतली. आता बोला!

मुलगी उठली, काठी टेकत फेरी मारली, वाटेत पाणी प्यायली आणि जागेवर येऊन बसली. कुठे धडपडली म्हणून नाही. सरांनी शेरा मारला: अनुभव आला नाही, नापास. एक शाळा तिला घ्यायला तयार होती, ती नोकरी या शेऱ्यापायी हातची जाणार होती.

दुसऱ्या दिवशी तिने भर वर्गात शांतपणे विचारलं, "सर, माझा अनुभव घरचाच आहे. तुम्ही कधी बांधलीत पट्टी?"

सरांना नाही म्हणवेना. तोऱ्यात पट्टी बांधली, पाऊल टाकलं आणि बाक नि भिंत यांच्यामध्ये अडकले. खरंच भीती वाटली हो त्यांना. कोणी हसत नव्हतं, ते तर आणखीच वाईट. तेवढ्यात जवळून तिचा आवाज आला. माझं कोपर धरा म्हणाली. पुढे काय येतंय ते आधी सांगत, घाई न करता, तिने त्यांना दारापर्यंत नेलं. हेच तर शिकवायचं असतं, हे सरांच्या डोक्यात इतक्या वर्षांत पहिल्यांदा शिरलं.

व्हरांड्यात पट्टीआडूनच त्यांनी विचारलं, "आता पास ना मी?"

"कसं करू, सर? खांबावर डोकं कुठे आपटलंत?"

सरांनी पट्टी सोडली, आत जाऊन तो शेरा खोडला आणि पास लिहिलं. त्या रविवारी बायकोला धुवायला पट्ट्या नव्हत्या.