पठारावरचे चौदा देव

मी देव मानत नाही. पण रायरेश्वराच्या पठारावर एका सकाळीत मी चौदा देव बसवले आहेत.

खरं तर बसवायचं होतं आईला. ती बसत नव्हती. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

आई ऐंशी वर्षांची. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलेलं, पुण्यात, येत्या सोमवारी. आणि बुधवारी दुपारी तांदूळ निवडता निवडता तिने जाहीर केलं, "त्याच्या आदी मला ती सात रंगांची माती बघायचीय. चालत जाऊन."

या मातीचा खटला आमच्या घरात फार जुना. दादा, म्हणजे माझे वडील, लग्न ठरलं तेव्हा भोरच्या डोंगरात शाळामास्तर होते. साखरपुडा झाल्यावर त्यांनी विंझरला, आईच्या माहेरी, सात पुड्या पाठवल्या. इतर मुलींना बांगड्या येतात, अत्तर येतं. आईला माती आली! सोबत चिठ्ठी : 'ही रायरेश्वरावरची, एकाच जागची, सात रंगांची.' आईने पुड्या उघडल्या आणि निकाल दिला : रांगोळीच्या दुकानातली. पुढे संसारभर दादा शपथा घेत राहिले आणि आई "व्हय व्हय" म्हणत राहिली. "एकदा नेऊन दाखवतो," असं ते दर दिवाळीला म्हणायचे. पाच वर्षांपूर्वी दादा गेले.

"आता ते न्हाईत," आई म्हणाली. "निदान जागेचा पंचनामा तरी करून येऊ."

"ऑपरेशन झालं की नेतो ना तुला."

"नवे गुडघे डॉक्टरचे. मला माज्या गुडघ्यांवर जायचंय."

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, न्या, पण दर दहा मिनिटांनी बसवा. हे आईला सांगितलं. "बसायचंच असतं तर घरी न्हाई का बसले?" ती म्हणाली आणि तांदळातला खडा नेम धरून माझ्या दिशेने टाकला.

मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला माणूस. अशा माणसाला डोंगर चढायचा असेल तर तो आधी पुस्तक काढतो. मी तीन काढली. गाडीत आईला समजावून सांगितलं, "हे सगळे डोंगर लाव्हाचे आहेत. एक थर पसरला, निवला, की वरून दुसरा. मग तिसरा."

"धिरड्यावर धिरडं."

"तसंच."

"येवड्यासाठी तीन पुस्तकं वाचलीस?"

मागच्या सीटवर माझी बायको मंजिरी खिडकीबाहेर बघून खोकली. (ती हसताना खोकते. आमच्या लग्नाला तेहेतीस वर्षं झाली. खोकला बरा झालेला नाही.)

तिसऱ्या पुस्तकात एक मोलाचा सल्ला होता : अनोळखी माळावर वाटेत खुणा करत जावं. दिवाळीनंतरचे दिवस, पठारावर गवत कमरेच्या वर, त्यात पायवाट काय दिसणार! ऑइलपेंट निसर्गाला घातक. खडू काळ्या दगडावर टिकत नाही. म्हणून मी भोरच्या बाजारातून पावशेर कुंकू घेतलं.

"कंच्या देवाला?" दुकानदाराने विचारलं.

"देवाला नाही, वाटेला."

त्याने पुडी बांधता बांधता माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. ती काळजी रास्त होती, हे मला दुपारी कळलं.

पठारावर जायची लोखंडी शिडी आई कठडा धरून चढली. मी चढलो तेव्हा शिडी थरथरत होती. (मंजिरी म्हणते शिडी स्थिर होती.) वर देवळात दर्शन झालं. पिशवीतली झेंडूची फुलं आईने निम्मी देवाला वाहिली, निम्मी ठेवून दिली. मग ती म्हणाली, "हितल्या माणसांना वाट इचार."

"विचारायचं कशाला? नकाशा पाठ आहे माझा."

"मग तू हो पुढं. तू बरुबर असलास की भाषण ऐकावं लागतं, त्यानं पाय जास्त दुखतात."

मलाही ते बरं वाटलं. आपण आधी जागा हुडकावी, म्हणजे आईला एक पाऊलही जास्त पडायला नको. कुंकू पाण्यात कालवलं, मंजिरीला खूण समजावली आणि निघालो. वळण आलं की दगड बघायचा, अंगठा बुडवायचा, वरपासून खालपर्यंत ठसठशीत रेघ ओढायची. एक, दोन, पाच, नऊ! चौदाव्या दगडापुढे जमीनच संपली. खाली थेट दरी. सात रंग राहोत, एकही नव्हता.

हरकत नाही. खुणा होत्या ना! परत फिरलो. तेरा, बारा, अकरा, दहा अगदी शिस्तीत उभे होते. नववा सापडेना. जिथे तो असायला हवा होता तिथे एक वेगळाच दगड होता : स्वच्छ, ओलाचिंब, डोक्यावर झेंडूचं फूल.

माझ्या वाटेवर देव नव्हता! म्हणजे ही माझी वाट नव्हती. उजवीकडे वळलो. गवत. डावीकडे वळलो. आणखी गवत. शेवटी एक ओला देव भेटला, त्याच्याही डोक्यावर फूल. हाका मारल्या, "आई! मंजिरी!" मोबाईलला रेंज नाही. एवढ्यात डोक्यात आलं की पठाराच्या कडा चारी बाजूंनी तुटलेल्या आहेत, आणि दोन मोडके गुडघे घेऊन माझी आई माझ्या खुणांच्या भरवशावर चालली आहे. इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मी त्या ओल्या दगडापुढे दोन्ही हात जोडले. "सापडू दे रे बाबा," म्हणालो. मोठ्याने.

डोळे उघडले तर समोर गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"अंगात येतं का तुमच्या?" तिने आदराने विचारलं.

अंगठ्याने दगड रंगवावेत आणि त्याच हाताने घाम पुसावा, म्हणजे चेहऱ्याचं काय होतं ते मला तेव्हा कळलं. "नाही हो! माझी आई हरवलीय."

"म्हातारी? हिरवं लुगडं? ती तर कवाच मातीपशी जाऊन बसलीया. म्याच सोडली तिला. तीच म्हणली, माजं पोरगं हरवलंय, दिसलं तर घिऊन या."

आई खरंच मातीत बसली होती. बाजूला मंजिरी उभी. आईच्या पदरावर चिमूट चिमूट माती मांडलेली : पांढरी, पिवळी, तांबडी, जांभळी, काळी, राखाडी.

"सहाच हायेत," आई माझ्याकडे न बघताच म्हणाली.

"बरोबर आहे. लोखंडाच्या प्रमाणानुसार..."

"सात म्हणले हुते ते."

मला वाटलं होतं ती खटला जिंकल्याच्या आनंदात असेल. पण ती हाताने माती चाळत होती, पुन्हा पुन्हा, घरात कानातलं हरवल्यासारखी. मंजिरीने हळूच सांगितलं, "अर्धा तास झाला. उठतच नाहीत."

गवतवाल्या बाईने भारा टाकला. "सातवी वरनं न्हाई दिसायची, आजी. जरा उकरावं लागतं." तिने विळ्याच्या टोकाने वीतभर खणलं आणि ढेकूळ फोडलं. आतून शेवाळासारखी हिरवट माती निघाली.

आईने ती चिमूट उचलून सहांच्या शेजारी ठेवली. मग बोटाने सगळ्या मोजल्या, एक ते सात. (मीसुद्धा!)

"येवडं उकरत बसला आसंल माणूस," ती शेवटी म्हणाली. "त्या उनात. आन मी रांगोळी म्हणले."

मग तिने पदराला गाठ मारली, डोळे पुसले, वर बघितलं आणि माझा चेहरा तिला प्रथमच दिसला. "हे काय रे ध्यान?"

मी चिडलो. "माझ्या खुणा कुणी पुसल्या ते आधी सांग! देव समजून दगडांना अंघोळ घालत आलीस ना?"

"देव कसले? तुज्या अंगठ्याची रेघ मला कळत न्हाई व्हय? ल्हानपणी सगळ्या भिंती तसल्याच बरबटायचास."

"मग अंघोळ कशाला?"

"बसायला कायतरी कारण नगं? गुडघे बोलत हुते. म्हणलं सुनंला वाटू दे, सासू पूजा करतीय."

मंजिरी थक्क झाली. "अहो आई, मला वाटलं तुम्हाला ते खरेच देव वाटताहेत! म्हटलं, त्या निमित्ताने बसताहेत तर बसू देत. म्हणून मीही नऊ वेळा हात जोडले."

दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की आईला उठवायला तिघे लागलो. मीही हसलो, पण जरा बेतानेच. गवतवाली बाई शेजारीच उभी होती, आणि त्या धोंड्यांपुढे मनापासून हात जोडणारा माणूस त्या दिवशी पठारावर एकच होता, हे फक्त तिला ठाऊक होतं.