मशीनचा पहारा

चोरीचा राग आमच्या आत्येभावाला जितका येतो, तितका शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या यच्चयावत माणसांना मिळूनही येत नसेल. बरं, दागिना गेला, गुरं गेली, याचं त्याला फारसं काही नाही. "ते मिलतं परत," म्हणेल. त्याचा सगळा राग राखीव आहे तो व्हिडिओ चोरणाऱ्यांसाठी. एकदा मुरबाडहून कल्याणला जाणाऱ्या जीपमध्ये शेजारचा माणूस मोबाइलवर नवाकोरा सिनेमा बघत होता. हिरॉइन रडत होती आणि तिच्या पुढून एक काळं डोकं उठून चाललं होतं. याने ते बरोबर हेरलं. "हा कोन? हा सिनेमातला हाय काय? हा थेटरातून मुतायला चाललाय! म्हंजे चोरून काढलाय!" तो माणूस म्हणाला, "तुमाला नाय बघायचा तं नका बघू." झालं! याने जीप थांबवायला लावली, चोरीच्या मालाशेजारी मी बसणार नाही म्हणून खाली उतरला आणि भर उन्हात गोवेलीपर्यंत पायी गेला. वाटेत जो भेटेल त्याला ही हकिगत ऐकवली, ती वेगळीच.

पोटापाण्यासाठी हा लग्नांचं शूटिंग करतो. हात चांगला आहे, पण प्रत्येक व्हिडिओवर आपलं नाव आणि मोबाइल नंबर टाकतो, आणि तोही कोपऱ्यात नाही, मधोमध. एका नवरीची आई तावातावाने घरी आली. "अरे, माज्या पोरीच्या कपालावर तुजा नंबर कशाला?" हा अगदी शांत. "काकी, कडंला टाकलं की चोर कापून काढतो." "अरे, पन पोर कुठं दिसते त्याच्यात?" "पोर तं तुमी बघितलेलीच हाय की!"

पुढे कुणीतरी त्याला सांगितलं, की आपण इंटरनेटवर व्हिडिओ टाकतो तिथे एक मशीन बसवलंय, ते चोरीचा व्हिडिओ आपोआप ओळखतं. हा इतका हरखला की विचारू नका. आटगाव स्टेशनबाहेर चहा पीत त्याने मला सगळं समजावलं. "अंगठ्याचा ठसा घेतात ना गो, तसा ते गान्याचा ठसा घेतं. मग जगात कुठं पन कोनी वाजवलं की धरलाच! त्याला झोप नाय, वशिला नाय, च्यापान्याचा खर्च नाय." वर मोबाइलला हात जोडले. चहावाला बघतच राहिला.

माझी आत्या, म्हणजे याची आई, हळदीच्या मांडवात धवळे, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, गायची. तिचा आवाज लागल्याशिवाय आसपासच्या गावांत नवरीला हळद लागत नसे. गुडघ्यांनी दगा दिला आणि तिचं मांडवात जाणं थांबलं, तेव्हा याने तिला अंगणात बसवून सगळे धवळे म्हणून घेतले आणि व्हिडिओ आपल्या चॅनेलवर टाकला. त्या एकाच व्हिडिओवर नाव नव्हतं. "आयेच्या तोंडावर कसं टाकू गो?" म्हणाला. आणि मग याने आपल्या स्वभावाला शोभेल असा एक उपद्व्याप केला. घरातल्या कार्डावरचा मूळ व्हिडिओ पुसून टाकला! का, तर घरातनं कुणी कॉपी मारली तर? चॅनेलवर मशीनचा पहारा आहे, तिथे तो जास्त सुरक्षित! कपाळ बडवून घ्यावं का काय करावं?

गेल्या वर्षी आत्या गेली. त्यानंतर काही दिवसांनी हा पांढराफटक चेहरा घेऊन माझ्याकडे आला. मशीनने आईचा व्हिडिओ काढून टाकलाय, म्हणाला. कुणा दिवट्याने तो उचलला होता, वर ढोल बडवून त्याचं हळदीचं गाणं केलं होतं आणि आपल्या नावाने त्या मशीनला ठसा देऊन मोकळा झाला होता. आता मशीनच्या लेखी आत्याचा आवाज त्याच्या मालकीचा. "मी माज्या आयेला चोरली, असं म्हनतं गो ते मशीन!" एवढा संतापी माणूस, पण त्या दिवशी ओरडला नाही. त्याच्याऐवजी मीच ओरडले.

आम्ही दोघांनी तक्रार लिहिली. बाई माझी आई आहे, अंगण आमचं आहे, मध्ये ओरडते ती कोंबडीसुद्धा आमचीच आहे, असं त्याने एकेक लिहायला लावलं. उत्तर काय यावं? तुमची तक्रार मालकाकडे पाठवली होती, मालक आपल्या दाव्यावर ठाम आहेत. अरे, मालक कोण? चोरालाच विचारलं, बाबा रे, तू चोर आहेस का? तो म्हणाला, छे! संपली चौकशी. असला न्याय कुठे बघितलाय का? माणूस असता तर गचांडी धरून विचारलं असतं. मशीनला कुठे धरायचं? पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. व्हिडिओ काही परत आला नाही.

परवा आमच्या शेजारी हळद होती. डीजेवाल्याने नेमकं तेच गाणं लावलं. पोरंपोरी नाचायला लागली आणि आत्येभाऊ खुर्चीवरून ताडकन उठला. आता हा स्पीकर फोडतो, या भीतीने मी मागोमाग धावले. तो डीजेवाल्याच्या समोर जाऊन उभा राहिला, तोंड उघडलं, आणि तसाच थांबला. ढोलाच्या खालून आत्या गात होती.

"तो ढोल जरा कमी होल काय रे?" त्याने विचारलं.

"नाय होनार, दादा. ढोल नि बाई एकातच हायेत. वेगलं नाय करता येत."

गाणं संपलं. डीजेवाल्याने पुढचं लावायला हात पुढे केला, तर याने त्याचं मनगट धरलं.

"थांब रे. तेच लाव परत."